नव्या कपाटाचा वास कुठून येतो, कुठे जातो

नवं-जुनं फर्निचर घरात येतं तेव्हा त्याच्यासोबत दोन जातींची रसायनं येतात. एक जात हलकी. ती वायू होऊन हवेत मिसळते. फॉर्माल्डिहाइड आणि थिनरमधले टोल्युइनसारखे द्रावक हे या जातीतले. दुसरी जात जड. ती सावकाश झिरपते आणि घरातल्या धुळीला चिकटून राहते. काही सोफ्यांच्या फोममधली अग्निरोधकं, रेक्झिनमधली थॅलेट्स, जुन्या ऑइलपेंटमधलं शिसं ही त्यातली. पहिलीला खिडकी लागते, दुसरीला ओलं फडकं. एवढं लक्षात राहिलं तरी बाजारात 'घरातली हवा शुद्ध करा' म्हणून जे विकलं जातं त्यातलं निम्मं घ्यायची गरज उरत नाही. पण त्याहून मोठा फरक पडतो तो आधीच, प्लायवूडच्या दुकानात 'कोणता देऊ?' असं विचारलं जातं तेव्हा. आणि ती वेळ बहुतेक जण घासाघीस करण्यात घालवतात.

एक साधं कपाट घेऊ. सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. मध्ये एक उभं पार्टिशन, चार फळ्या, पाठ, दोन शटर. हिशेब केला तर जवळपास पावणेदोनशे चौरस फूट बोर्ड लागतो, म्हणजे आठ बाय चारच्या साडेपाच शीट. बोर्डाच्या दोन्ही बाजू धरल्या तर साडेतीनशे चौरस फूट पृष्ठभाग होतो. ज्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये हे कपाट बसणार, तिची फरशी १२० चौरस फुटांची. त्याच खोलीत पलंग, बेडसाइड आणि टीव्ही युनिट आलं की आपण झोपतो ते जवळजवळ बोर्डाच्या पेटीतच.

बोर्डातलं लाकूड फारसं दोषी नाही. दोष आहे तो ते धरून ठेवणाऱ्या गोंदाचा. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू मोकळे करून, गोंद घालून दाबलेली. चुरा आणि तंतू धरून ठेवायला गोंद जास्त लागतो. हा गोंद बहुतेक वेळा युरिया आणि फॉर्माल्डिहाइडचा असतो. स्वस्त, रंगहीन, गरम दाबाखाली पटकन सुकणारा, त्यामुळे कारखानदाराच्या दृष्टीने आदर्श. त्याची एकच खोड आहे. पाणी आणि उष्णता मिळाली की त्याचे बंध उलट्या दिशेने सुटू लागतात आणि फॉर्माल्डिहाइड मोकळं होतं. म्हणजे गोंद सुकल्यावर उरलेलं जास्तीचं फॉर्माल्डिहाइड पहिल्या काही महिन्यांत निघून जातं, पण बोर्ड ते नव्याने तयारही करत राहतो. पहिल्या महिन्यांत जोर जास्त, मग उतरता, पण काम वर्षानुवर्षं चालू.

फॉर्माल्डिहाइड शून्याखाली १९ अंशांवरच उकळतं, म्हणून घरात ते वायूच असतं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, नाक वाहणं, दमेकऱ्याला धाप लागणं हे त्याचे नेहमीचे परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तो निष्कर्ष मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात हा वायू हुंगणाऱ्या कामगारांवरच्या अभ्यासांतून आला. एका कपाटाने कुणाला कर्करोग होतो असा त्याचा अर्थ नाही. घरातल्या हवेसाठी याच संघटनेने २०१० मध्ये मर्यादा सुचवली ती घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमची.

ही मर्यादा किती बारीक आहे ते त्या बेडरूमवरच मोजून पाहता येतं. खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा मावते. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून तीन मिलिग्रॅमच्या थोडंसं वर गेलं की मर्यादा गाठली. आता १८ मिलिमीटर जाडीची पार्टिकल बोर्डची एक शीट घ्या. वजन ३५ किलोच्या आसपास. युरोपच्या 'ई-१' वर्गाची जुनी कसोटी शंभर ग्रॅम बोर्डामागे आठ मिलिग्रॅम फॉर्माल्डिहाइड चालवून घेते. म्हणजे चांगल्या समजल्या जाणाऱ्या एका शीटमध्येही पावणेतीन-तीन ग्रॅमपर्यंतचा साठा असू शकतो. खोलीच्या मर्यादेच्या जवळपास हजार पट, तोही एकाच शीटमध्ये. हा साठा एकदम बाहेर येत नाही म्हणून तर आपण ठीक असतो. सगळा खेळ तो किती सावकाश बाहेर येतो आणि खोलीतली हवा किती वेळा बदलते याचा आहे.

खेळ हाताबाहेर गेला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना सरकारने घाईघाईने बनवून घेतलेले ट्रेलर राहायला दिले. लहान जागा, चारही बाजूंनी नवा कोरा बोर्ड, खिडक्या बंद. आखाताच्या किनाऱ्याची हवा आपल्या मुंबई-कोकणासारखीच दमट आणि गरम. लोकांना डोकेदुखी, नाकातून रक्त, श्वासाचे त्रास सुरू झाले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये ५१९ ट्रेलर व फिरत्या घरांची हवा तपासली. सरासरी निघाली अब्जात ७७ भाग, काही ठिकाणी थेट ५९०. नेहमीच्या अमेरिकी घरात हा आकडा दहा-वीसच्या घरात असतो. आणि ही मोजणी हिवाळ्यातली होती. उन्हाळ्यात आकडे याहून वर गेले असते. याच सुमारास कॅलिफोर्नियाने बोर्डाच्या उत्सर्जनावर कडक नियम आणले, २०१० मध्ये देशपातळीवर कायदा झाला आणि २०१८ पासून तो लागू झाला. 'कार्ब फेज टू' आणि 'टीएससीए टायटल सिक्स' हे शिक्के तिथले. निर्यातीचा माल बनवणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांच्या बोर्डांवरही ते दिसतात, आणि दिसले तर ते कामाचे आहेत.

आता दुकानात चला. प्लायवूडमध्ये दोन नावं कानावर पडतात. एमआर, ज्याला दुकानदार 'कमर्शियल' म्हणतो, आणि बीडब्ल्यूपी, म्हणजे 'मरीन', आयएस ७१०. कमर्शियलमध्ये सहसा युरियाचा गोंद असतो, मरीनमध्ये फिनॉलचा. फिनॉलच्या गोंदातही फॉर्माल्डिहाइड असतं, पण तिथले बंध पाण्याला दाद देत नाहीत, त्यामुळे वायू फारच कमी सुटतो. सुतार मरीन सुचवतो तो पाण्यासाठी, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. मला विचाराल तर त्याची खरी गरज बेडरूमला आहे, कारण तिथे आपण दार लावून आठ तास श्वास घेतो. पैसे मोजकेच असतील तर मरीन तिकडे वापरा.

फिनॉलच्या गोंदाची रेघ कडेला तांबूस-काळपट दिसते. पण ती बघून फसू नका, कारण युरियाच्या गोंदातही रंग टाकता येतो. खात्री करायची तर एक लहान तुकडा मागून घ्या आणि गॅलरीत, उघड्यावर, दोन-तीन तास पाण्यात खळखळून उकळा. आयएस ७१० च्या प्लायला ७२ तास उकळण्याची परीक्षा द्यावी लागते, तेव्हा दोन-तीन तासांत पापुद्रे सुटले तर ते मरीन नव्हे. स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नका. जे टाळायचं आहे तेच भांड्यातून वर येतं.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड घेताना 'ई-१' छापलेला घ्यावा. 'ई-२'मध्ये मर्यादा जवळपास चौपट सैल. 'ई-०' हा शब्द आता सगळीकडे दिसतो, पण युरोपच्या मूळ वर्गवारीत असा वर्गच नाही. काही कंपन्या तो प्रामाणिकपणे वापरतात, काही नुसतं छापतात. 'ई-० आहे' एवढ्यावर मान डोलावण्याऐवजी चाचणीचा अहवाल मागावा. तो मोबाइलवर पाठवायला दुकानदाराला दोन मिनिटं लागतात, आणि टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. युरोप स्वतः पुढे सरकलाय. ऑगस्ट २०२६ पासून तिथे फर्निचरची मर्यादा घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅम, म्हणजे जुन्या ई-१ च्या निम्मी. आणखी एक, बोर्डाचा हिरवा गाभा दाखवून 'हा इको-फ्रेंडली' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. तो रंग ओलावा सहन करणारा बोर्ड ओळखता यावा म्हणून घातलेला असतो, वायूशी त्याचा संबंध नाही.

बोर्ड घरी आला की पुढची गोष्ट कडांची. शीटच्या सपाट बाजूपेक्षा कापलेल्या कडेतून वायू जोरात निघतो, कारण तिथे गाभा उघडा पडतो. सनमायका हा चांगला अडसर आहे. तो रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचे थर प्रचंड दाबाखाली पक्के करून बनतो, त्यातून फारसं काही येत-जात नाही. पण आपण सनमायका लावतो तो दिसेल तिथे. शटर चकचकीत, आणि आत? फळ्यांच्या मागच्या कडा, ड्रॉवरचे तळ, बिजागरीसाठी पाडलेली भोकं, वायरसाठी कापलेलं छिद्र, भिंतीकडची सहा मिलिमीटरची पाठ, लॉफ्टची वरची बाजू, सगळं उघडं. म्हणून सुताराशी बोलणी करतानाच आतून लायनर लॅमिनेट, सर्व कडांना एज बँडिंग आणि पाठीला दोन्ही बाजूंनी काहीतरी लेप हे ठरवून घ्यायला हवं. नंतर म्हटलं तर तो 'कोण बघतंय तिथे' म्हणतो, आणि दिसण्यापुरतं ते खरंच असतं.

तयार मॉड्युलर फर्निचर घेतलं असेल तर खाली वाकून बघा. तळाच्या आणि पाठीच्या कडा बऱ्याचदा कोऱ्या असतात. त्यांना पाण्यावर आधारित वॉर्निशचे किंवा चपड्याच्या लाखेचे दोन-तीन हात द्या. एका रविवारचं काम आहे आणि आधीच घरात आलेल्या फर्निचरसाठी यापेक्षा परिणामकारक काही मला माहीत नाही.

चिकटवण्याच्या कामात पांढरा फेव्हिकॉल निरुपद्रवी म्हणावा असा आहे. तो पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, पाण्यात कालवलेला. डोकं चढतं ते रबराच्या पिवळसर सोल्युशनने आणि त्याहून जास्त पॉलिशने. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश थिनरमध्ये पातळ करून फवारतात तेव्हा मजलाभर वास जातो. आणि इथेच नाक फसवतं. थिनरचा वास उग्र असतो, पण आठवड्या-दोन आठवड्यांत बराचसा ओसरतो. वास गेला म्हणून आपण खिडक्या लावून घेतो, राहायला येतो. फॉर्माल्डिहाइडचं काम तर तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं, आणि त्या कमी प्रमाणात बऱ्याच जणांना त्याचा वास येतच नाही. ज्यांना येतो त्यांचं नाकही तासाभरात सरावतं.

काम संपल्यावर निदान महिनाभर घर रिकामं ठेवता आलं तर उत्तम. मुहूर्त आणि भाडं दोन्ही आडवे येतात, तरी दिवाळीचा गृहप्रवेश असेल तर सुतारकाम गणपतीच्या आधी संपवायचा प्रयत्न करावा. शटर आणि ड्रॉवर सताड उघडे, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा चालू. कपाट बंद ठेवून खोलीची खिडकी उघडली तर आतला वायू आतच साचतो आणि कपड्यांत मुरतो. एप्रिल-मे मिळाला तर त्याचा फायदा घ्या. दुपारी उन्हाने खोली तापू द्या, तेव्हा बोर्डातून वायू जोराने निघतो, आणि संध्याकाळी सगळं उघडून तो बाहेर घालवा. मधल्या वेळात तिथे कुणी झोपायचं नाही. याने चमत्कार होत नाही, पण पहिल्या महिन्यांतला जोर ओसरायला मदत होते.

पावसाळ्यात 'गेलेला वास परत आला' अशी तक्रार ऐकू येते. ती कल्पना नाही. हवेत दमटपणा वाढला की युरियाच्या गोंदाचे बंध जास्त सुटतात, आणि आपण पाऊस आत येतो म्हणून खिडक्याही त्याच दिवसांत लावतो. पहिल्या पावसाळ्यात सरी थांबल्या की दहा-पंधरा मिनिटं का होईना, घर उघडावं. एसीबद्दल मोठा गैरसमज आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. तो खोली गार आणि कोरडी ठेवतो त्यामुळे वायू कमी सुटतो हे खरं, पण जो सुटला तो जागेवरच राहतो. नव्या कपाटाच्या खोलीत एसी लावून झोपायचं तर खिडकीला बोटभर फट ठेवा. बिल थोडं वाढेल.

बाकी उपायांवर फार शब्द खर्च करत नाही. हेपा फिल्टर कण पकडतो, वायू नाही. कोळशाच्या पिशव्या खोलीभर हवेपुढे अपुऱ्या. ओझोन सोडणारी यंत्रं तर उलट नवं फॉर्माल्डिहाइड तयार करतात. झाडांची कीर्ती १९८९ च्या नासाच्या प्रयोगापासूनची, पण तो प्रयोग लहान बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील असं निघालं. मनी प्लांट ठेवा, छान दिसतो. आणि वास घालवायला उदबत्ती लावत असाल तर थांबा. तिच्या धुरातच फॉर्माल्डिहाइड असतं.

जड जातीची गोष्ट सोफ्यापासून सुरू होते. कॅलिफोर्नियात १९७५ साली 'टीबी ११७' हा नियम झाला की फर्निचरच्या फोमने उघड्या ज्योतीपुढे १२ सेकंद टिकायला हवं. एवढी मोठी बाजारपेठ सोडायची नाही म्हणून कंपन्यांनी सगळ्या देशासाठी तोच माल बनवला आणि फोममध्ये ब्रोमिन-क्लोरिनवाली अग्निरोधकं मिसळली. ती फोमशी जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. बसता-उठता बाहेर येतात, धुळीत बसतात, आणि रांगतं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं. यातला पेंटाबीडीई हा प्रकार अमेरिकेत २००४ च्या अखेरीस थांबला, २००९ मध्ये घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला, आणि भारताने मार्च २०१८ च्या नियमांनी त्यावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाने पुढे आपली ज्योतीची परीक्षाच काढून टाकली. आता कापड धुमसतं का तेवढं बघतात, आणि त्याला रसायन लागत नाही. तिकडे नव्याने संसार मांडणारी आपली मुलं जुना सोफा स्वस्तात उचलतात. त्यांना एवढंच सांगावं की उशीखालचं लेबल वाचा. 'टीबी ११७' असेल आणि पुढे २०१३ नसेल तर तो सोडा. २०१५ पासूनच्या लेबलवर अग्निरोधक घातलंय की नाही याची स्पष्ट खूणही असते. ब्रिटनमध्ये १९८८ पासूनचे नियम ज्योतीचे आहेत, तिथे फोममध्ये रसायन असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे जास्त बघायचं ते फाटक्या सोफ्याकडे. रेक्झिन तडकलं, आतला फोम पिवळा पडून भुगा होऊ लागला की तो फोम बदलून घ्या. टेप लावून दिवस ढकलू नका. घरात रांगतं मूल असेल तर कोरड्या झाडूने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं आणि भरवण्याआधी मुलाचे हात धुणं यांनी जेवढं साधतं तेवढं कुठल्याही यंत्राने साधत नाही.

जुन्या लाकडी फर्निचरच्या मी बाजूने आहे. जुन्या बाजारातलं सागवानी कपाट किंवा आजीचं लोखंडी कपाट यांतून सुटण्यासारखं आता फार उरलेलं नसतं. अपवाद ऑइलपेंटचा. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची सक्तीची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी रंगवलेला पाळणा किंवा खाट घासून नवी करायची हौस असेल तर कोरडा सँडपेपर मारू नका. ओला करून घासा, घराबाहेर घासा, नाहीतर तो रंग तसाच ठेवून वरून नव्या रंगाचा हात द्या. आणि त्या जुन्या कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. नॅप्थलिनच्या त्या गोळ्या युरोपीय संघाने २००८ मध्ये बाजारातून काढल्या. जीसिक्सपीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळे रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत. बाळंतविड्यासाठी जपून ठेवलेले कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला घालू नयेत. बाळाच्या खोलीचं नवं फर्निचरही सातव्या-आठव्या महिन्यात करायला घेऊ नये. आधी करा, नाहीतर वर्षभराने करा.

या सगळ्यात सर्वात जास्त रसायन जातं ते सुताराच्या छातीत. शहरातल्या फ्लॅटचं काम चालू असताना त्याची माणसं बहुधा तिथेच राहतात. दिवसभर एमडीएफ कापायचं, रात्री त्याच भुशाशेजारी अंथरूण घालायचं, आणि पॉलिशच्या दिवसांत तोंडाला रुमाल. लाकडाचा भुसाही १९९५ पासून कर्करोगकारकांच्या त्याच पहिल्या गटात आहे, आणि रुमाल थिनरची वाफ अडवत नाही. बोर्ड दुकानातच पॅनेल सॉवर मापाने कापून आणता येतात. माप नीट दिलं तर मालही वाया कमी जातो. जे घरी कापायचं ते गॅलरीत किंवा गच्चीवर. फवारणी करणाऱ्याला कोळशाच्या डब्याचा रेस्पिरेटर आणून द्या. पॉलिशच्या एका डब्याच्या किमतीपुढे तो महाग पडत नाही. आणि पॉलिशच्या आठवड्यात त्या माणसांची झोपायची सोय दुसरीकडे करा. सोसायटीच्या सेक्रेटरीशी आधी बोललात तर एखादी रिकामी खोली मिळते.